डॉक्टरसाहेबांचा चहा

दवाखान्यात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी! नवा महाराष्ट्र झाला त्या सुमारास मी साखरखेर्ड्याला कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टरसाहेब म्हणजे देवमाणूस. वैर फक्त चहाशी. झोप नाही, पोटात जळजळ, छातीत धडधड, काहीही सांगा, "कॅफीन! चहा बंद!"

*

सुलतानपूरच्या एका गड्याची छाती धडधडायची. साहेब म्हणाले, "चहा बंद. दूध प्या." आठवड्यानं हजर, धडधड दुप्पट!

"चहा सोडला का?"

"हाव साहेब, पान्याचा चा पार सोडला. आता निस्त्या दुधातच पत्ती उकळून राह्यलो!"

*

शाळेच्या हेडमास्तरांनी एका दिवसात चहा सोडला आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून आले. साहेबांनी समजावलं, सवय तुटताना डोकं दुखतंच, हळूहळू कमी करा. आणि अर्धा कप पाजला.

जाताना मास्तर म्हणाले, "साहेब, डोस कमी पडला!"

*

एका म्हातारीला झोप येत नव्हती. "आजी, संध्याकाळचा चहा बंद."

"बंद? मंग तो चा रातभर जागून पिऊ काय?"

*

पण खुद्द साहेबांची पंचाईत वेगळीच. रोगी पाहायला कुणाच्या घरी गेले की कपबशी पुढं यायचीच. नको म्हणावं तर घरचे हिरमुसणार, "आमच्या घरचा चा चालत नाही का?" बिचारे घरोघर पीत.

एकदा माझ्या बायकोच्या पायावर विळा बसला. साहेब टाके घालायला बसले, तर हात थरथरायला लागला! रक्त थांबेना. कसेबसे टाके पडले, पाय वाचला. बाहेर येऊन साहेब म्हणाले, "घरोघरचा चहा नाकारता येत नाही, आणि पिऊन हात थरथरतो. मी बदली मागतो. या हातानं एखाद्याचा जीव जाईल." असा डॉक्टर गावाला पुन्हा कुठून मिळणार?

हे शेजारच्या सरूकाकूंनी ऐकलं. तिची युक्ती पुढं घरोघर गेली आणि साहेब कैक वर्षं गावात राहिले, ते या बाईमुळं. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या तापलेल्या नातवाला पाहायला गेले. तपासून झालं, कपबशी आली. लख्ख घासलेली. रिकामी!

काकू म्हणाल्या, "घरी आलेल्याले कपबशी त द्याच लागते, साहेब. तिच्यात काय टाकाचं, ते आमचं आमी पाहू."

साहेबांनी कप उचलून ओठांना लावला, सावकाश खाली ठेवला.

"काकू, साखर जरा जास्त झाली!"

"उद्या कमी टाकीन, साहेब."