मानाचा फ्लेक्स

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी डोक्यावर जुना फ्लेक्स ताणलाय. त्यावर ‘कोविड योद्ध्यांना मानाचा मुजरा’, पुढाऱ्यांचे मोठाले चेहरे आणि खाली तिकिटाएवढे नर्सेसचे फोटो. दोरी ओवायला पाडलेलं भोक नेमकं आमच्या शेजारच्या सुनीताताईंच्या कपाळावर आलंय. साथ ओसरली आणि सरकारी दवाखान्याने या ताईंचं कंत्राट संपवलं. आपल्याकडे माणसाला काही द्यायचं नसलं, की मान देतात.

काल आम्ही दोघी भाजीला गेलो. मावशी म्हणाल्या, “ताई, उन्हात कशाला उभ्या? सावलीत या की.”

ताई फ्लेक्सखाली आल्या. वर स्वतःच्या फोटोकडे बघून हसल्या.

“आम्ही मास्क मागत होतो, तेव्हा हा लावला होता,” त्या मला म्हणाल्या. “चला, कुणाला तरी उपयोग झाला.”