साहेबांचा संशय

काल बंदराजवळच्या वस्तीतली शाळा तपासायला गेले. वर्गात फिनेलचा वास होता. एका मुलीने धडा घडाघडा वाचला आणि माझ्या मनात आलं, पाठ केला असणार.

असाच वास आमच्या वर्गात होता, तेव्हा मी चौथीत होते. आई जेटीवर मासळी निवडायची. माझं वाचन ऐकून तपासणीचे साहेब बाईंना म्हणाले, “पाठ करून घेतलंत ना?” त्यांनी स्वतःचं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. तेही मी वाचलं. तरी साहेब रोखून बघतच राहिले.

ते गेल्यावर बाईंनी डोळे पुसले.

“बाई, माझा काय चुकला?”

“तुझा कायएक चुकूक नाय गो.”

पुढच्या खेपेला साहेबांना खरं वाटावं म्हणून एखादा शब्द मुद्दाम चुकायचा, असं मी तेव्हाच ठरवलं.