हिच्या आत्याची साक्ष

देवाची प्रीती जगात वाटायचं काम देवाने एकाच माणसावर सोपवायचं ठरवलं असतं, तर ते त्याने आमच्या हिच्या आत्याकडे दिलं असतं, आणि मग हाताला काही कामच न उरल्यामुळे तो थोडाफार कंटाळलाही असता. हिची म्हणजे माझ्या बायकोची आत्या. तिने लग्न केलं नाही, उभी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण अजून सगळं वाशीम तिला सिस्टरबाई म्हणतं आणि ती सगळ्या वाशीमला पेशंट समजते. तिच्या हिशेबी निरोगी माणूस असा नसतोच. ज्याला काहीही झालेलं नाही, त्याला कोणी विचारणारं नाही हा आजार तरी असतोच असतो. त्यावरचं औषध तिच्या खाकी पिशवीत कायम असतं: ग्लुकोजची बिस्किटं, दुखण्यावरचं मलम, बायबलच्या नव्या कराराची एक प्रत, आणि मोसमाप्रमाणे सीताफळं नाहीतर पेरू. औषध हवं का, असं पेशंटला विचारायची तिची रीत नाही. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा हिच्या घरी गेलो, तेव्हा मी काही बोलायच्या आत तिने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, "रक्त कमी हाय पोराले" असं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, आणि पुढचे पंधरा दिवस माझ्या घरी रोज बीट पाठवलं. लग्नाच्या फोटोत मी लालबुंद दिसतो. पाहुण्यांना वाटतं, लाजलो होतो.

आमचं चर्च लहान आहे. पन्नास-साठ माणसं, चार पंखे, आणि त्यांतला जो नक्की फिरतो तो पाळकांच्या डोक्यावरचा. मी तिथे पेटी वाजवतो. बरी वाजवतो, हे मीच सांगून टाकतो, कारण आत्या ते सांगायची नाही. उपासनेत इतरांसाठी प्रार्थना करायची वेळ आली की तो तिचा प्रांत. बाकीचे लोक "आजाऱ्यांना बरं कर" एवढ्यावर मोकळे होतात. आत्या रात्रपाळीच्या नर्सने दिवसपाळीच्या नर्सला वॉर्ड सोपवावा तसं सगळं गाव देवाच्या ताब्यात देते. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, हिरव्या फाटकाचं घर, आत शिरल्यावर डाव्या हाताची खोली, तिथे झोपलेली म्हातारी, तिला काल किती ताप होता आणि आज किती, हे सगळं ती देवाला नीट सांगते, न जाणो तो चुकून शेजारच्या घरात शिरायचा. कारंजाच्या पेशंटसाठी तर कोणत्या स्टॉपवर उतरायचं हेही सांगून झालेलं आहे. यात पंचाईत एवढीच की जी दुखणी माणूस बायकोलाही सांगत नाही, ती भर उपासनेत बाहेर येतात. आमच्यातल्या एका बँकवाल्या गृहस्थांना मूळव्याध झाली, तेव्हा आत्याला कळू नये म्हणून ते दोन महिने लाकडी बाकावर हसतमुखाने बसून राहिले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्यासाठी प्रार्थना झालीच. ती हसण्यावरूनच ओळखते. तिच्या घरासमोर एक टेलरमास्तर आहेत, त्यांच्या अम्मीला मधुमेह आहे. दर सोमवारी ते दुकान उघडता उघडता आत्याला विचारतात, "सिस्टर, कल अम्मी का नंबर लगा क्या?" आणि तो लागलेला असतो.

पाळकांच्या संदेशावरही तिची देखरेख असते. आमचे पाळक तरुण आहेत, नगरकडचे, भिडस्त स्वभावाचे. ते शब्दासाठी अडले की आत्या पहिल्या बाकावरून शब्द पुरवते, फार हळू बोलले की मागे वळून मागच्यांची चौकशी करते आणि "त्यांले काई ऐकू येऊन नाई राह्यलं" असा निकाल देते. ती इतकी दारोदार फिरते, पण कोणाच्या घरी घोटभर चहा घेत नाही. मी ड्युटीवर हाय, म्हणते. निवृत्त बाई कसल्या ड्युटीवर असते हे तिला विचारायची आमच्यात कोणाची हिंमत नाही.

गेल्या जानेवारीत पाळकांनी एक खास उपासना ठेवली. विषय होता, देवाची प्रीती इतरांपर्यंत कशी न्यावी. विषय ऐकताच सगळ्या माना आत्याकडे वळल्या. जणू तिचा सत्कारच होता. पण पाळक त्या दिवशी कधी नव्हे ते न अडखळता बोलले. म्हणाले, जी माणसं आपल्याला आवडतात त्यांना प्रेम देण्यात कसलं आलंय काम? ज्या एका दारात जायला आपला पाय उचलत नाही, त्या दारात या आठवड्यात जाऊन या, आणि पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्या, म्हणजे जे घडलं ते सगळ्यांसमोर खरं खरं सांगा. मी सवयीने आत्याकडे पाहिलं. ती काहीतरी दुरुस्ती सुचवणार याची मला खात्री होती. ती खाली मान घालून पिशवीची चेन उघडत होती आणि लावत होती. बाहेर पडताना बायका कौतुकाने म्हणाल्या, बिचाऱ्या सिस्टरबाईला जायला आता दारच कुठे उरलंय.

आम्ही बाकीच्यांनी त्या आठवड्यात सोपी सोपी दारं निवडली. मी ढोलकीवाल्याचं निवडलं. तो गेली आठ वर्षं माझ्या पेटीच्या पुढे धावतो. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या वाजवण्याची तारीफ केली, आणि तेव्हापासून तो आणखी जोरात धावतो. प्रेमाचे असेही परिणाम होतात. गुरुवारी सकाळी आत्या दारात आली. नेहमीसारखं सरळ स्वयंपाकघरात शिरून तिने भांडी उघडून बघितली नाहीत. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "जावई, गाडीत पेट्रोल हाय का? रिठदले जाचं हाय."

रस्त्यात तिने सगळं माझ्या पाठीला सांगितलं. समोर बसून तिला ते सांगता आलं नसतं. दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात तिच्या हाताखाली रिठद गावची एक आया होती. बाळांना न्हाऊमाखू घालायचं काम त्या बाईंचं, आणि बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची चिकटपट्टी लावायचं काम आत्याचं. एके दिवशी दोन बाळांच्या पट्ट्यांची अदलाबदल झालेली सापडली. एकाच्या पाठीवरच्या जन्मखुणेमुळे तासाभरात उलगडा झाला, बाळं आपापल्या आईच्या कुशीत गेली. पण तेवढ्या वेळात आत्याने नातेवाइकांसमोर, डॉक्टरांसमोर त्या बाईंना नको नको ते बोलून घेतलं. आंघोळीच्या वेळी पट्ट्या काढल्यास आणि उलटसुलट चिकटवल्यास, असा आळ घेतला. बाई दुपारीच घरी निघून गेल्या आणि पुन्हा कामावर आल्या नाहीत. संध्याकाळी आत्याच्या लक्षात आलं की घाईघाईत पट्ट्या तिनेच चुकीच्या लावल्या होत्या. तिने ते कोणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं सांगितलं नाही. रिसोड रोडवर वारा होता, त्यात मला अर्धं ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, पण सगळं ऐकू आलं. ज्या बाईला मी मनातल्या मनात संत करून ठेवलं होतं, ती माझा खांदा धरून मागे बसली होती.

रिठदच्या त्या बाई अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आमच्याकडे या दिवसांत घरोघर या कोवळ्या दाण्यांची, सोल्यांची भाजी होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, "सिस्टरबाई" एवढंच म्हणाल्या आणि पोतं पसरून दिलं. आत्याने पिशवीतून लुगडं काढलं, बिस्किटं काढली, मलम काढलं. बाईंनी ते सगळं हाताने बाजूला सारलं आणि शेंगांचा एक ढीग तिच्यापुढे ढकलला. आत्या सोलायला लागली. चार शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "त्या पट्ट्या मीच उलट्या लावल्या होत्या. तुही काईच चूक नोती."

"मले त्याच दिवशी मालूम होतं," बाई म्हणाल्या. "मी पट्ट्या काढल्याच नोत्या."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सगळ्यायच्या समोर बोलल्या. मी कोनाच्या समोर बोलू?" त्या शेंगा सोलतच होत्या. "दोन-तीन वर्सं वाट पायली तुमची. मंग सोडून देल्ली."

आत्या रडली. तिला रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि कुठे बघावं ते न कळून मीही एक शेंग उचलली. बऱ्याच वेळाने आत्याने विचारलं, राग गेला का? बाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिल्यासारखं केलं. "सगळा नाई गेला," त्या म्हणाल्या. "पन तुमी आल्या ते बरं झालं. आता जेवून जा." आत्याने नाही म्हटलं नाही. ज्वारीची भाकर, सोल्याची भाजी आणि वर कच्चा कांदा. बाई वाढत होत्या आणि आत्या मुकाट्याने जेवत होती.

रविवारी साक्षी सुरू झाल्या. ढोलकीवाल्याने माझ्याविषयी साक्ष दिली, ती इथे सांगण्यासारखी नाही. आत्या उभी राहिली तेव्हा लोक बाकावर सैलावून बसले, आता तासाभराची निश्चिंती. ती मोजून तीन-चार वाक्यं बोलली. "मी एका बाईवर खोटा आळ घेतला होता. तिची माफी मागाले गेली. मले वाटे, देवाची प्रीती माह्या पिशवीत हाय. ते तिच्या ताटात निंघाली." आणि ती खाली बसली. पाळकांना पुढचं काही सुचेना, आणि तिने सुचवलंही नाही. शेवटी मीच पेटीवर गीत धरलं. त्या दिवशी ढोलकी माझ्या बरोबरीने चालली.

उपासना सुटल्यावर पायरीवर तिने मला गाठलं आणि येत्या गुरुवारी पुन्हा रिठदला जायला गाडी मोकळी आहे का विचारलं. काय काय न्यायचं, पेरू घेऊन ठेवू का, म्हणालो. "काई नाई नेयाचं," ती म्हणाली. "नुसतं जाऊन बसाचं." आणि फाटकाकडे चालू लागली. पाठमोरी जाताना ती मला पहिल्यांदाच म्हातारी दिसली. बिटापासून प्रार्थनेपर्यंत इतकी वर्षं मी तिच्याकडून घेतच आलो होतो, आणि तिची साधी विचारपूस मी एकदाही केली नव्हती. मला फार लाज वाटली. मी हाक मारली आणि विचारलं, "आत्या, तुमी कशा हा?"

ती थांबली. मागे वळली. फाटकाला हात टेकून तिने थोडा विचार केला.

"गुडघे दुखून राह्यले, जावई," ती म्हणाली. "लय दिसापासून."