कपाटातलं विलायती रिव्हॉल्वर
शिवणयंत्रात तेल सोडलं, की त्या वासासरशी मला दिंडोरीच्या घरातला तो दसरा आठवतो. सासरे त्यांचं जुनं विलायती रिव्हॉल्वर असंच तेल लावून पुसायचे आणि झेंडू वाहून पूजेला ठेवायचे. त्या वर्षी नाशिकचा बंदुकांचा दुकानदार सोनं द्यायला आला आणि ते रिव्हॉल्वर बघतच राहिला. "बाहेरून माल यायचा बंद झालाय, आप्पा. असं जुनंही आता मिळत नाही. भाव चढतच जाणार, विकू नका." झालं, त्या दिवसापासून घर मोकळं सोडणं बंद. पुढच्याच आठवड्यात लासलगावला माझ्या सख्ख्या भावाचा साखरपुडा होता. मी शालू नेसून तयार, तर सासऱ्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझ्याइतका भरवसा मला कुणावर नाय, पोरी." जीप भरून सगळे माझ्याच माहेरी गेले. मी खिडकीच्या गजांशी उभी राहिले, पण समोरच्या द्राक्षबागेत औषधाची फवारणी सुरू झाली आणि खिडकीही लावून घ्यावी लागली. आता सासरे नाहीत. परवाना नवऱ्याच्या नावावर आहे, भाव अजून चढतोच आहे. काल सून माहेरी जायला निघाली, आणि माझ्या तोंडून निघालं, "मग घरी कोण थांबणार?"