गाडी पोचली का?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. हॉस्टेलवर मैत्रिणी प्लँचेट करायच्या, तेव्हा मी शेजारी बसून खुशाल मॅगी खायचे. त्यामुळे पुढचं वाचून 'हिला भास झाला असेल' असं कुणाला म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते...

गोष्ट २००६ सालची. मी कोलोरॅडोत ड्युरँगोला राहायचे. रस्त्यावर दरडी कोसळू नयेत म्हणून कड्यांना जाळ्या ठोकतात ना, त्यांच्या डिझाइनचं काम. साइटसाठी हायवे ५५० वरचा रेड माउंटनचा घाट ओलांडून युरे गावाला जावं लागे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट दरी, आणि कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच – बर्फ ढकलायला जागा हवी म्हणे! मोबाइलला रेंज नाही. एडिसन शहरात राहणारी मैत्रीण "यार, इथे जिकडेतिकडे देसीच देसी" म्हणून वैतागायची, तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या गावात मराठी बोलायला मीच आणि ऐकायलाही मीच.

बाबा कराडला एकटे. एसटीत कंट्रोलर होते. पुढच्या डेपोला फोन लावून "गाडी पोचली?" विचारायचं आणि "पोचली" ऐकलं की फोन ठेवायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. शेवटची गाडी पोचल्याशिवाय घरी यायचे नाहीत. लाइन खराब असायच्या, त्यामुळे फोनवर ओरडायची सवय लागली ती कायमची.

घाट उतरला की मी पहिल्याच गॅस स्टेशनमधून, म्हणजे पेट्रोल पंपावरच्या दुकानातून, कॉलिंग कार्डावर त्यांना फोन करायचे. "पोचले." खट्! हॅलो नाही, अच्छा नाही. एकदा मला उशीर झाला, तर त्यांनी स्वतःच तिथे फोन लावला. काउंटरवरची डोना नंतर कितीतरी दिवस रिसीव्हर हातभर लांब धरून त्यांची नक्कल करायची – "रीच्ड? माय डॉटर रीच्ड?"

त्या सप्टेंबरात बाबा गेले. मी जाऊन दिवसकार्य उरकलं, घराला कुलूप घातलं, लँडलाइन सरेंडर केली आणि परत आले.

नोव्हेंबरात, त्यानंतर पहिल्यांदाच, घाटात निघाले. साइटवर दुसऱ्या दिवशी जायचं होतं, पण घर खायला उठलं म्हणून आदल्या दिवशीच दुपारी गाडी काढली. कुणाला कळवलं नाही. कळवणार कुणाला? वर बर्फ पडायला लागलं. कड्यांवर साचलेलं बर्फ खाली येईल म्हणून रस्ता बंद केला, गेट पडलं. गाड्यांच्या रांगेत हीटर लावून बसले, आणि मनात आलं – मी खाली पोचले काय नि न पोचले काय, विचारणारं आता कुणी नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले.

गेट उघडलं. अंधार पडायच्या आत गॅस स्टेशनला टेकले. डोनाला बाबांचं काहीच सांगितलेलं नव्हतं. मला दारात बघताच ती म्हणाली,

"आलीस एकदाची! तुझ्या डॅडचा फोन आहे. रोड बंद आहे, ती अजून आली नाही म्हटलं, तर म्हणाले, 'ओके, आय होल्ड.'"

कॉफी मशीनशेजारी रिसीव्हर काढून ठेवलेला होता.

मी तो कानाला लावला. डायल टोन नव्हता. कुणी बोलतही नव्हतं. लांबच्या लाइनवर असते तशी खरखर फक्त. खरं सांगते, भीती अजिबात वाटली नाही.

"बाबा," मी म्हटलं, "पोचले."

खट्. मग डायल टोन.

डोनाला सगळं सांगितलं, तर ती मटकन खुर्चीत बसली. आवाज तोच होता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. राँग नंबर? कुणाची थट्टा? पण मी घाटात आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मोटेलच्या रूमवर जाऊन कराडचा नंबर फिरवला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं बाई सांगत होती.

नंतरही कितीदा तो घाट ओलांडला, मुद्दाम तिथे कॉफी पीत रेंगाळले. फोन आला नाही. आता मी अल्फारेटाला असते, इथले रस्ते सपाट आहेत, आजूबाजूला मराठी माणसंही आहेत. उलगडा मात्र अजून झालेला नाही.

एकच गोष्ट सलते. गाडी पोचल्याशिवाय बाबा ड्यूटी सोडायचे नाहीत... मी जरा उशिरा सांगायला हवं होतं.