आमच्या खानदानात गाडी लागत नाही

दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायचं नाही, या एका नियमापायी माझ्या मामाने जेवढे हाल सोसले तेवढे लोक देवधर्मापायी सोसत नाहीत. मी लहान असतानाच वडील गेले आणि आई मला घेऊन माहेरी, वरवट बकालला आली. तेव्हा त्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि भाकरी मोजकी. मामा विहिरीकाठच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि भाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन जळगाव जामोदच्या बाजाराला पायी निघायचा. शेजारून बस धुरळा उडवत जायची. कंडक्टर ओळखीचा, दारातून हात करायचा, "चाल ना बे, जागा हाये!" मामा मान हलवून चालत राहायचा. आम्हाला वाटायचं, तिकीट वाचवतो. पायात धड चप्पल नसलेला माणूस बसमध्ये का बसत नाही, हे कोणी विचारत बसत नाही. त्याच पायांवर त्याने मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आवाज खाली येतो तो वेगळ्याच गोष्टीपाशी.

पुढे मळ्याला बरे दिवस आले, मी मलकापूरला ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो, आणि मामाने एक जुनी पांढरी मोटार विकत घेतली. जुनी आपल्यासाठी, मामासाठी ती नवरीच होती. सीटवरचं प्लॅस्टिक त्याने काढू दिलं नाही. उन्हाळ्यात त्यावर बसलेला माणूस उठताना चर्रकन आवाज यायचा आणि वाटायचं, अर्धी कातडी मागेच राहिली. रोज सकाळी स्टिअरिंगसमोर दोन अगरबत्त्या लागायच्या, वर गुलाबाचं अत्तर, आणि धूळ येते म्हणून काचा बंद. आरशाला लिंबू-मिरची आणि तिच्या शेजारी माझा पदवीच्या झग्यातला फोटो, लॅमिनेशन करून. खड्डा आला की मिरची आणि मी एकमेकांवर आपटायचो. चढ लागला की मामा गाडीशी बोलायचा, "चाल व माय, चाल, दम नोको सोडू." आणि स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागणं तर सोडाच. मी लायसन काढलं तेव्हा त्याने पेढे वाटले, आणि मला गाडी धुवायला बादली दिली.

पण दुसऱ्याच्या गाडीत तो बसायचा नाही म्हणजे नाही. माझ्या लग्नाला सगळं वऱ्हाड बसने निघालं. पुढची खिडकीची जागा मामासाठी राखून ठेवली होती. ऐन वेळी तो म्हणाला, "तुमी व्हा पुढे, मी येतो मांगून," आणि कोणाची तरी मोटरसायकल घेऊन भर वैशाखात बसच्या मागे मागे आला. मांडवात उतरला तेव्हा भुवयांसकट पांढरा. माझ्या सासऱ्यांना वाटलं, मुलाकडचा कोणीतरी म्हातारा आजोबा आलाय. ते वाकून पाया पडले. मामाने आशीर्वादही दिला. आम्ही सगळे म्हणालो, मामा शौकीन माणूस, त्याला वारा लागतो.

आता माझ्या मुलीचं. ईश्वरी सहावीत आहे, आणि तिला गाडी लागते. साधी नाही. नांदुऱ्याचं फाटक ओलांडेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागतं, मग जांभया, मग चेहरा लिंबासारखा, आणि मग जे व्हायचं ते होतं. कोणाच्या साडीवर झालं आहे, कोणाच्या नव्या बॅगेत झालं आहे, आणि एकदा माझ्या प्राचार्यांच्या गाडीत झालं, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसलेल्या असताना. त्यांनी नुसती काच खाली केली. तेवढ्याने मी आठवडाभर स्टाफरूममध्ये चहा घेतला नाही. शिकून सवरून नोकरीला लागलेला माणूस मी, आणि माझं लेकरू चारचाकीत बसू शकत नाही. लोक म्हणतील, बैलगाडीतली माणसं, त्यांना कुठली सोसते मोटार. कोणी म्हणत नव्हतं. पण मला ऐकू यायचं.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो कडाडलाच. "आपल्या खानदानात कोनाले गाडी लागत नाई! हे तुह्या सासरवाडीकून आलं असन." हे माझ्या बायकोसमोर. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. "मामाजी, माझ्या माहेरी तीन ट्रक आहेत," ती म्हणाली. मामा पोळी खाऊ लागला. पण उपाय सुरू झाले ते त्याच दिवशी. ईश्वरीला पेपराच्या घडीवर बसवायचं. मुठीत लिंबू, गालात आवळासुपारी, रुमालात ओवा. कानात कापूस. बेंबीला हिंग. एकदा गाडीच्या खालून लोखंडी साखळी लोंबकळत सोडली, का तर गाडीतला करंट जमिनीत उतरतो आणि डोकं हलकं होतं. साखळी रस्ताभर ठिणग्या उडवत, भांड्यांचं दुकान ओढत नेल्यासारखा आवाज करत आली, आणि आमचं सगळ्यांचंच डोकं दुखलं. एवढे उपाय या माणसाला कुठून ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी एम.ए., बी.एड. आहे.

ईश्वरीला एक गोष्ट मात्र अशी येते की बघणाऱ्याने हातातलं काम टाकावं. ती लांब उडी मारते. धावत येते, फळीवर पाय पडतो, आणि मग क्षणभर ती खाली यायचं विसरून जाते. मागच्या वर्षी तालुक्यात पहिली आली. जिल्ह्याचे सामने बुलढाण्याला. नात जिल्ह्याला चालली म्हणून मामा गाडी घेऊन आदल्या दिवशीच हजर, सोबत मामीने पाठवलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि डबाभर शिरा. आमच्याकडे लेकराला उपाशी पोटी गावाबाहेर धाडत नाहीत. जेवढी लांबची वाट तेवढं ताट मोठं. पहाटे तिला बसवून खाऊ घातलं. मामा समोर बसून, "अजून अर्धा घे व माय, तुले ताकद लागन." मग बंद काचा, दोन अगरबत्त्या, अत्तर आणि राजूर घाटाची वळणं. पुढचं काय सांगू. मैदानावर पोचली तेव्हा ती डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती. तीन उड्या मारल्या, तिन्ही फळीच्या अलीकडून, आणि शेवटची वाळूपर्यंत पोचलीच नाही. शाळेच्या खेळाच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "ताप आहे हो तिला." ईश्वरीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

यंदा ती पुन्हा तालुक्यात पहिली आली. खेळाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "सर, मागच्या वर्षी हिला ताप नेमका स्पर्धेच्या दिवशीच कसा आला? यंदा तब्येतीचं नक्की सांगा. हिची पुढची सगळी निवड याच्यावर आहे. मैदानात उतरली नाही तर पुढच्या वर्षापासून मी दुसऱ्या मुलीवर मेहनत घेईन." त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. मी म्हणालो, "नाही नाही, आता एकदम ठणठणीत आहे."

त्याच सुमारास मामाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मलकापूरलाच. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. मामा काळा चष्मा लावून आमच्या ओट्यावर बसायचा आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे विधुरासारखा बघायचा. स्पर्धेच्या दिवशी किल्ली मागितली तर म्हणाला, "घेऊन जाय. पन मी नाई येत. डोळ्याले हवा लागन." काचा लावू म्हटलं तर म्हणाला, ऊन लागेल. चष्मा आहे म्हटलं तर, "माहं पोट बराबर नाई." शेवटी ईश्वरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबाजी, तुम्ही नाही तर मी पण नाही जात."

"असं काऊन करतं व? तुहा बाप हाये ना सोबत."

"बाबांना माझ्यासोबत लाज वाटते."

तिने हे सहज म्हटलं, पाणी आण म्हणावं तसं. मी किल्ली शोधायचं सोंग केलं. ती माझ्या हातातच होती. मामा उठला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

मोताळ्यापर्यंत त्याने माझं ड्रायव्हिंग फाडून खाल्लं. "ब्रेक काऊन मारून राह्यला बे? गेर बदल ना! कॉलेजात हेच शिकवतं काय पोट्ट्याईले?" मोताळा गेलं आणि तो गप्प झाला. मामाने गप्प बसणं इतकं नवलाचं की मी आरशात पाहिलं. आरशात दोन चेहरे होते, एक बारा वर्षांचा आणि एक सत्तरीला टेकलेला, आणि दोघांचा रंग एकच होता. घाटातलं दुसरं वळण आलं तसा मामा ओरडला, "थांबव! थांबव बे!" वळणावर थांबवू कुठे? मागे ट्रक. आणि मग माझ्या मामाने, ज्याच्या खानदानात कोणाला गाडी लागत नाही त्याने, डोक्यावरची पांढरी टोपी काढली, दोन्ही हातांनी ओंजळीसारखी धरली, आणि तिच्यात ओकला.

पुढे जागा मिळाली तिथे मी गाडी थांबवली. ईश्वरी त्याला धरून कठड्यापाशी घेऊन गेली. ऑपरेशनच्या डोळ्यावर तिने आपला तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, सराईतासारखं. मामाने पहिला श्वास घेतला आणि तिला म्हणाला, "तुह्या बापाले सांगू नोको." मी त्याच्या मागेच उभा होतो.

मग त्याने सांगितलं. मला नाही, तिला. विशीत असताना तो पोलीस भरतीला निघाला होता, याच रस्त्याने, बसने. छाती भरत होती, उंची भरत होती, धावण्यात तर गावात कोणी हात धरत नव्हतं. घाटात शेजारच्या माणसाच्या धोतरावर झालं. अख्खी बस हसली. तो तिथेच उतरला आणि पायी वर गेला, पण डोकं असं फुटत होतं की धावताना अर्ध्यातच खाली बसला. घरी येऊन सांगितलं, बस उशिरा पोचली, भरती आटोपली होती.

"मग खरं काऊन नाही सांगितलं आबाजी?"

"पोलीस व्हायले निघालेल्या मान्सानं सांगाव काय व, मले बस लागली म्हून?"

"मी पण तापच सांगते," ईश्वरी म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहिलं.

मग मामा उठला, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवरचं प्लॅस्टिक फराफरा फाडून काढलं. खालचं लाल कापड इतक्या वर्षांनी उजेडात आलं. अगरबत्तीचं घर उपटलं. चारी काचा खाली केल्या. "तू इथीसा बस, समोर पाह्य. मी येतो पायी." ईश्वरी बसली नाही. ती त्याचा हात धरून घाट चढायला लागली. मागून मी पहिल्या गिअरमध्ये, माझ्या मागे हॉर्न वाजवणारे ट्रक, आणि पुढे ते दोघं, बोडक्या डोक्याचा म्हातारा आणि निळ्या गणवेशातली पोर, सावकाश वळणं चढतायत. ट्रकवाले मला काय काय म्हणत गेले ते लिहिण्यासारखं नाही. कान तापले होते, पण त्या शिव्यांनी नाही.

मैदानावर बाई वाटच बघत होत्या. मी तोंड उघडण्याआधी ईश्वरी म्हणाली, "बाई, मला ताप नसतो. मला गाडी लागते, डोकं दुखतं. मागच्या वर्षी पण तेच होतं. आज घाटात पायी चालले तर कमी आहे. थोडी सावलीत बसते, मग मारते उडी." बाई म्हणाल्या, "अगं वेडे, मग आपण आदल्या दिवशीच मुक्कामाला आलो असतो की." बस. एवढंच. एका वाक्याचं काम होतं. पदवी घेतलेल्या बापाला ते वर्षभर जमलं नव्हतं.

मामा मैदानाच्या कडेला दगडावर बसला होता. एक डोळा नुकता उघडलेला, दुसरा अजून धुकट. ईश्वरी धावत आली तेव्हा त्याला दिसली ती नुसती एक निळी रेघ, आणि मग वाळू. "पडली काय रे?" त्याने घाबरून विचारलं. "नाही मामा, उडाली." त्याने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

परतताना तो घाट पायीच उतरला. आम्ही दोघं खाली गाडी लावून वाट पाहत राहिलो. किती वेळ लागला त्याला! पूर्वी बाजाराच्या वाटेने झपाझप जाणारा माणूस आता दर वळणाला कठड्यावर हात टेकत होता. एका ट्रकवाल्याने वेग कमी करून विचारलं, "बाबा, सोडू काय खालपर्यंत?" आणि मामाचा आवाज सगळ्या घाटाला ऐकू आला, "नाई रे बाप्पा, मले गाडी लागते!"

ईश्वरी त्या दिवशी लांब उडीत जिल्ह्यात दुसरी आली.