जानेफळ येईपर्यंत

मेहकरहून एसटीत बसले, तेव्हा शेजारच्या मुलीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. फोनचं इंटरनेट त्याला जोडून ती पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांशी शुद्ध भाषेत, ठाम आवाजात बोलत होती. खड्डा आला की एका हाताने स्क्रीन धरायची आणि दुसऱ्याने टाइप करत राहायची.

मध्येच भावाचा फोन आला. "हाव दादा, येऊन राह्यली. मी येईपर्यंत बाबाले नेऊ नका," एवढंच म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

मला राहवलं नाही. "ऑफिसात सांगत काऊन नाही, पोरी? सुट्टी देतीन ना."

"देतीन, काकू. पण सांगितलं का मंग बाबा गेलेच. जानेफळ येईपर्यंत राहू द्या."

माझे वडील गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी मीही आधी सगळं धुणं धुऊन काढलं होतं.

जानेफळला तिने लॅपटॉप मिटला आणि दारापर्यंत गेली. खाली भाऊ हात पुढे करून उभा होता. तिला पायरी उतरवेना. मागे लोक खोळंबले, पण कुणी घाई केली नाही. कंडक्टरनेही घंटीच्या दोरीवरचा हात काढून घेतला.